पेन्सिलीखालचा चेहरा

मी, खाली सही करणार, वय चौऱ्याहत्तर, धंदा फोटो काढणे, राहणार या घराचा वरचा मजला, पूर्ण शुद्धीत आणि माझ्या स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझ्यावर कोणीही जबरदस्ती केलेली नाही. जबरदस्ती करायला घरात कोणी असावं लागतं, तसं कोणी नाही. गल्लीतली पोरं मला हलूनकाबाई म्हणतात, कारण त्यांच्या आईबापांना, आजीआजोबांना मी या खोलीत बसवून "हलू नका" म्हटलेलं आहे. वकिलांनी हे नावही कागदात घ्यायला सांगितलं. म्हणाले, ओळख पटायला बरं.

ओळी तिरक्या गेल्या असतील तर त्याचं कारण डोळे, डोकं नव्हे. माझ्या दोन्ही डोळ्यांची मधली नजर गेली आहे. कडा दिसतात, मधलं दिसत नाही. माणूस समोर उभा राहिला की मला त्याचे कान दिसतात, खांदे दिसतात, मागचं दार दिसतं, आणि तोंडाच्या जागी राखाडी धूर. जन्मभर तोंडांवर पोट भरलं, आणि नेमकं तेवढंच गेलं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई फार सरळ बाई आहेत. त्या म्हणाल्या, "हे आता असंच राहणार. काय लिहायचं, वाचायचं ते लवकर आटपा." म्हणून हे आज आटपते आहे. वकील म्हणाले होते, तुम्ही नुसतं सांगा, मी टाइप करून आणतो. त्यांच्या टाइपात माझा राग उतरणार नाही, म्हणून जाड पेन आणून स्वतःच लिहायला बसले.

कलम पहिले : जागा. वरचा मजला, म्हणजे स्टुडिओची मोठी खोली, तिची उत्तरेची खिडकी, मागची डार्करूम आणि मी झोपते ती चिंचोळी खोली, हे सगळं माझ्या मालकीचं आहे. खालचा मजला माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा होता. तो गेल्यावर त्याच्या बायकोचा, म्हणजे माझ्या वहिनींचा झाला. वरचा मजला मी त्यांच्या मुलाला, माझ्या एकुलत्या एका भाच्याला देते. तो लांब असतो. रविवारी आधी खाली फोन करतो, मग वर. "आत्या, तब्येत कशी आहे? आईशी बोललीस का?" एवढं विचारतो. दुसरा प्रश्न आला की मी म्हणते, "आवाज तुटतोय रे तुझा." त्याचा आवाज कधीच तुटत नाही, हे त्यालाही माहीत आहे.

अट एकच. त्याची आई खाली राहते आहे तोवर वरचा मजला विकायचा नाही आणि भाड्यानंही द्यायचा नाही. वकिलांनी इथं भुवया उंचावल्या असणार. मला दिसल्या नाहीत, पण त्यांचा श्वास ऐकू आला. ही अट वहिनींच्या काळजीपोटी नाही. डोक्यावर परकी पावलं वाजत राहिली तर म्हाताऱ्या माणसाची झोप उडते, एवढंच.

कलम दुसरे : शेजाऱ्यांची भिंत. माझ्या खिडकीत ऊन कधीच थेट येत नाही. ते समोरच्या घराच्या भिंतीवर पडतं आणि तिथून मऊ होऊन माझ्या खोलीत येतं. मी काढलेले सगळे चांगले फोटो त्या भिंतीच्या जिवावर निघाले आहेत, म्हणजे निम्मं श्रेय चुन्याला. शेजाऱ्यांनी मध्ये ती भिंत गडद हिरवी रंगवली. मी जाऊन सांगितलं, माझा उजेड खाल्लात. ते म्हणाले, "बाई, भिंत आमची आहे." मी म्हटलं, भिंत तुमची, उजेड माझा. त्यानंतर ते माझ्याकडे बघून हसायचे बंद झाले. आता हसत असतील तर कळायला मार्ग नाही. माझ्या शिलकीतून त्या भिंतीला पांढरा चुना देण्याचा खर्च बाजूला काढावा. शेजारी नाही म्हणाले तर पुन्हा विचारावं. तरीही नाही म्हणाले तर माझ्या वतीनं त्यांना काय वाटेल ते म्हणावं, मी गेलेलीच असेन.

कलम तिसरे : सामान. एक पत्र्याच्या टोपीचा दिवा, त्याचं लोखंडी स्टँड, लाकडी चौकटीवर ताणलेली पांढरी चादर, तेवढंच मोठं काळं कापड, बिनहाताची खुर्ची आणि गाठ मारलेली सुती दोरी. एवढ्यावर मी धंदा केला. लोक विचारायचे, बाकीचं सामान कुठं आहे?

चादर कशाला ते सगळ्यांना कळतं. अंधाऱ्या गालाजवळ धरली की तो गाल उजळतो. काळं कापड कशाला ते कुणी विचारत नाही. तेही अंधाऱ्या गालाजवळच धरायचं. त्यानं त्या बाजूचा इकडून तिकडून आलेला उजेड शोषला जातो आणि सावली खोल होते. ज्या माणसानं काही सोसलेलं आहे त्याला चादर धरू नये, कापड धरावं. उजेड एका बाजूनं आणि जरा वरून यावा. नाकाची सावली गालावर उतरते आणि पलीकडच्या डोळ्याखाली उजेडाचा छोटा तिकोन उरतो, तो आला की थांबावं. डोळ्यात खिडकी दिसली पाहिजे. डोळ्यात खिडकी नसेल तर तो माणूस मेलेला दिसतो, मग तो कितीही हसत असो.

दोरी स्टँडला बांधलेली आहे. तिची गाठ बसलेल्या माणसाच्या गालाच्या हाडाला टेकली की फोटो स्वच्छ येतो, कॅमेऱ्याच्या काचेत डोळे फोडत बसावं लागत नाही. ही युक्ती आळशीपणातून निघाली, पण अलीकडे तिनंच मला तारलं.

हे सामान आणि माझा मोठा पेटीकॅमेरा, यांचं काय करायचं ते पुढं लिहिते.

कलम चौथे : झटपट. गल्लीच्या तोंडाशी दुकान थाटून बसलेल्या फोटोवाल्याला सगळे झटपट म्हणतात, कारण त्याच्या पाटीवर तेवढाच शब्द मोठा आहे. तो माणसाला भिंतीला टेकवतो, समोरून फाडकन उजेड मारतो आणि "हसा" म्हणतो. माणूस पकडल्यासारखा दिसतो. माझ्याकडची गिऱ्हाइकं त्यानंच नेली आणि वर मला नमस्कार करतो, याची मला फार चीड आहे. कॅमेरा आणि कलम तिसऱ्यातलं सगळं सामान मी त्याला देते. वकील दोनदा म्हणाले, "बाई, नक्की?" नक्की. या भागात माणसांच्या तोंडाकडे बघून पोट भरणारा तो एकटाच उरला आहे. त्यानं दिवा समोरून बाजूला सरकवावा. हसा म्हणू नये.

काय म्हणावं तेही सांगून ठेवते, कारण ते दुसऱ्या कोणाला सांगायची वेळ येणार नाही. खुर्चीत बसलं की माणूस चेहऱ्याला कुलूप लावतो. मी उजेड लावून घ्यायची, दोरी टेकवायची, आणि सहज विचारल्यासारखं विचारायची, "घरून निघताना काय विसरून आलात?" प्रत्येक जण काहीतरी विसरलेला असतोच. तो ते शोधायला आत जातो आणि कुलूप बाहेर उघडंच राहतं. तेवढ्यात बटण दाबायचं. एका न्यायाधीशांच्या तोंडावर घरी चालू राहिलेला गॅस उमटला होता. त्यांच्या कचेरीत तो फोटो अजून आहे, आणि लोक म्हणतात केवढी गंभीर मुद्रा. एक नवी नवरी म्हणाली, "आईला सांगायचं राहिलं." काय, ते मी विचारलं नाही.

कलम पाचवे : निगेटिव्ह. डार्करूममधल्या कपाटात लोकांच्या चेहऱ्यांच्या निगेटिव्ह आहेत. ज्याचं माणूस त्यानं येऊन घेऊन जावं. पैसे घेऊ नयेत. जी माणसं कोणाचीच उरली नाहीत ती कपाटातच राहू द्यावीत. एकमेकांच्या सोबतीनं राहतील, माझ्यापेक्षा बरी राहतील.

कलम सहावे : शिल्लक. बँकेत जे काही आहे त्यातून चुन्याचा खर्च वजा जाता बाकीचं डोळ्यांच्या दवाखान्याला द्यावं. मात्र त्याआधी जिन्यातल्या दिव्याची कायमची सोय करावी. आमचा जिना अंधारा आहे आणि बटण खाली आहे. तिन्हीसांजेला तो दिवा लागतो. तो वहिनी लावतात. मी समजत होते चोरांच्या भीतीनं लावतात. माझी नजर गेली त्या सुमाराला तो दिवा एकाएकी लख्ख झाला. वायरमनला विचारलं तर म्हणाला, "खालच्या काकूंनीच मोठा टाकायला सांगितला." मी म्हटलं, उगाच वीज जाळतात. त्याबद्दल एवढंच.

या जागी मी वकिलांना विचारलं होतं की, मला फार एकटं वाटतं, हे मृत्युपत्रात लिहिता येतं का? ते म्हणाले, "बाई, लिहा की. पण ते मालमत्तेत धरता येणार नाही." म्हणून कलम न घालता लिहिते. मला फार एकटं वाटतं. खाली कुकरची शिट्टी होते, रेडिओ लागतो, मी खोकले की रेडिओ हळू होतो. वर कोणी येत नाही. कधीकधी मी खुर्चीवर उजेड लावून बसते, खुर्ची रिकामी, आणि तिला सांगते, हलू नका. ती बिचारी ऐकते.

कलम सातवे : दादाची निगेटिव्ह. आता ज्यासाठी हे मृत्युपत्र लिहायला घेतलं ते. माझ्या उशाशी पत्र्याचा डबा आहे. त्यात एका पाकिटात दादाच्या शेवटच्या फोटोची निगेटिव्ह आहे. माझ्या मागं ती कोणाच्याही हाती न लागता नष्ट करावी. तिच्यावरून पुन्हा एकही फोटो छापला जाऊ नये.

कारण लिहिलं पाहिजे, नाहीतर म्हातारी चळली असं होईल.

हा स्टुडिओ आम्ही तिघं चालवत होतो. मी फोटो काढायची. दादा अंधारात बसून धुवायचा आणि छापायचा. वहिनी निगेटिव्हवर काम करायच्या, त्याला आम्ही रिटचिंग म्हणतो. त्यासाठी दोन हत्यारं असतात. पेन्सिल आणि सुरी. सुरकुती, डोळ्याखालचा खड्डा, अशा काळ्या जागा पेन्सिलीनं भरायच्या, म्हणजे फोटोत त्या उजळतात. आणि जे फोटोत नको तितकं पांढरं आलेलं असतं, ते निगेटिव्हवर सुरीनं खरवडायचं, म्हणजे फोटोत ते दबतं. पेन्सिल टर्पेंटाइनच्या बोळ्यानं पुसता येते. सुरीनं खरवडलेलं परत येत नाही. वहिनींचा हात असा होता की जाडजूड नवऱ्यामुली त्यांच्या टेबलावरून सडपातळ होऊन निघायच्या. मी चिडवायची, "वहिनी, मी माणसं काढते आणि तुम्ही ती घालवता." त्या म्हणायच्या, "वन्सं, पैसे देताना माणसं माझ्याकडे बघून हसतात." दादा मधे बसून दोघींना हसायचा. तेव्हा हे घर भरलेलं होतं.

मग दादा आजारी पडला. भरल्या अंगाचा, गोल तोंडाचा माणूस, त्याचं नुसतं हाड उरलं. एके दिवशी जिना चढून वर आला, मधे दोनदा बसला, आणि म्हणाला, "माझा एक काढ. पण खोटा नको." मी काळं कापड लावलं. एकच उजेड, बाजूनं. गालाचे खड्डे, कपाळावरच्या रेघा, दाढीचे पांढरे खुंट, सगळं उघडं पडलं. दोरीची गाठ त्याच्या गालाला टेकवली आणि सवयीनं विचारलं, "घरून निघताना काय विसरलास?" तो म्हणाला, "घरीच तर आहे गं मी." आणि मग त्याच्या तोंडावर जे आलं, त्यावर मी बटण दाबलं. माझ्या हातून निघालेला तो सगळ्यात चांगला फोटो आहे, असं मी त्याच दिवशी म्हणाले होते.

दादा गेला. भेटायला माणसं येऊ लागली. मी खाली उतरले तर बाहेरच्या खोलीत भिंतीवर फोटो टांगलेला. माझाच फोटो, तोच उजेड, तेच डोळे, आणि तोंड मात्र गुळगुळीत. रेघा नाहीत, खड्डे नाहीत, खुंट नाहीत. वहिनींनी स्वतः अंधारखोलीत जाऊन छापला होता. पंधरा माणसांसमोर मी विचारलं, "हा कोण?"

वहिनी म्हणाल्या, "माझा नवरा."

"मग माझा भाऊ कुठंय?"

संध्याकाळी निगेटिव्हचं पाकीट जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवलेलं सापडलं. ते मी न उघडता डब्यात टाकलं. बघायचं काय त्यात? पांढरे खुंट फोटोतून जातात ते सुरीनंच, हे मला शिकवायला कोणी नको. एकेक खुंट खरवडला असणार. माझ्या भावाचा खरा चेहरा जगात एकाच जागी होता आणि तो तिथून कायमचा गेला. त्या दिवसापासून वहिनींशी मी बोललेले नाही. त्यांनीही वर पाऊल टाकलेलं नाही. भाचा तेव्हा नुकताच नोकरीला लागला होता, आता त्याचे केस पिकायला लागले, असं वहिनी फोनवर त्याला म्हणताना मी जिन्यातून ऐकलं.

कलम सातवे इथे संपले.

कलम आठवे : कलम सातवे रद्द. वकिलांनी निरोप पाठवला की ज्या वस्तूबद्दल लिहिता तिचं वर्णन द्या, आकार लिहा, नाहीतर भलतीच निगेटिव्ह नष्ट व्हायची. म्हणून काल दुपारी डबा उघडला. पाकिटातून निगेटिव्ह काढली. डोळ्यांनी काही कळण्यासारखं नव्हतं, म्हणून बोटांनी बघितलं. सुरी चालली असेल तिथं पृष्ठभाग खरखरीत लागतो, नख अडकतं. मी हनुवटीपासून वर नख फिरवलं. कुठंच अडकलं नाही. गालावर फिरवलं. गुळगुळीत. पुन्हा फिरवलं, उलट्या बाजूनंही फिरवलं. मग बोट डोळ्याच्या कडेशी धरून खिडकीपाशी नेलं, तर बोटाला राखाडी लागलेलं.

पेन्सिल. नुसती पेन्सिल. एक खुंटही खरवडलेला नाही.

मग फोटोतले खुंट गेले कुठं, याचा विचार करत मी भिंतीला टेकून बसले. कळायला वेळ लागला, कारण ते इतकं वेडं काम आहे की धंद्यातलं कोणी करत नाही. वहिनींनी फोटो आधी होता तसा छापला असणार आणि मग त्या कागदावर बारीक कुंचल्यानं, शाईनं, एकेक पांढरा खुंट झाकला असणार. घरात माणसं यायला लागलेली, नवरा गेलेला, आणि ही बाई बसून नवऱ्याची दाढी एकेक केसानं करते आहे. सुरीनं झटक्यात झालं असतं. सुरीत त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

मला पहिल्यांदा संताप आला, आणि तो अजून गेलेला नाही. मग सांगायला काय झालं होतं? एक वाक्य होतं. "पेन्सिल आहे, पुसा." इतकी वर्षं हे वाक्य तोंडात धरून ही बाई माझ्या पायाखाली राहिली आणि जिन्यात दिवे लावत राहिली. नंतर मी रडले. ते मालमत्तेत धरता येणार नाही.

तेव्हा कलम सातवे मी रद्द करते. सदर निगेटिव्ह, आकार तळहाताएवढा, डावा वरचा कोपरा किंचित कापलेला, माझ्या मागं माझ्या वहिनींना द्यावी. सोबत टर्पेंटाइनची बाटली आणि कापूस द्यावा. पुसायची की नाही ते त्यांनी ठरवावं.

माझी सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या की हे मृत्युपत्र पुरं होईल. साक्षीदार म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई आणि समोरचे शिंपी यांनी यायचं कबूल केलं आहे.

शेवटची नोंद, सही करण्यापूर्वीची. वरचं सगळं लिहून झालं, वकील आले, त्यांनी मोठ्यानं वाचलं, डॉक्टरीणबाई आल्या. शिंपी आले नाहीत. त्यांच्या लेकीला अचानक दवाखान्यात नेलं म्हणे, बाळंतपणासाठी. डॉक्टरीणबाईंना परत जायची घाई होती. वकील जिन्याच्या तोंडाशी जाऊन खाली ओरडले, "कोणी आहे का? एक सही हवी होती!" मला त्यांना थांबवायला सुचलं नाही.

खाली रेडिओ बंद झाला. मग जिन्यावर पावलं वाजली. मधे एकदा थांबली. दादा जिथं बसला होता तिथं.

वहिनी दारात उभ्या राहिल्या. मला त्यांच्या पदराची कड दिसली आणि केस दिसले. पांढरेशुभ्र. ते मला कोणी सांगितलं नव्हतं.

"कुठं करायची सही?" त्यांनी विचारलं.

वकील चपापले. "काकू, तुमची चालणार नाही. म्हणजे चालेल, पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. आणि तुम्हाला यात दिलेलं आहे."

"काय दिलंय?"

मग मीच बोलले. इतक्या वर्षांनी पहिलं वाक्य मला बरं सुचायला हवं होतं, पण तोंडातून आलं ते असं, "दादाची निगेटिव्ह. पेन्सिल आहे हे सांगायला काय झालं होतं हो तुम्हाला?"

"तुम्ही पाकीट उघडाल असं वाटलं होतं," वहिनी म्हणाल्या. "धंद्यातल्या ना तुम्ही? दुसऱ्या दिवशी वरून हाक येईल म्हणून मी कान लावून बसले होते. मग महिनाभर बसले. मग मलाही राग आला."

"मग झाकलंच कशाला?"

"माणसं येणार होती घरी. ह्यांना आजारी दाखवणार नव्हते मी लोकांना. तुमच्यासाठी निगेटिव्हवर तसंच ठेवलं होतं की. पेन्सिलीखाली ते आहेत तसेच आहेत, वन्सं. सुरी मला येत नव्हती का?"

डॉक्टरीणबाई घड्याळ बघायच्या थांबल्या होत्या, हे मला त्यांच्या हाताच्या कडेवरून कळलं. वकील हळूच म्हणाले, "काकू, विचार करा. सही केलीत तर कलम आठ बाद."

"होऊ दे बाद," वहिनी म्हणाल्या. "मेल्यावर कशाला द्यायचं मला? मी खालीच राहते."

तेव्हा मी उठले, डबा आणला आणि पाकीट त्यांच्या हातात दिलं. हयातीत हातानं दिलेली वस्तू मृत्युपत्रात येत नाही, असं वकिलांनी सांगितलं आहे. म्हणून कलम आठवेही रद्द. टर्पेंटाइनची बाटलीही दिली. वहिनी म्हणाल्या, उद्या पुसू, दोघी मिळून. मी म्हटलं, मला दिसणार नाही. त्या म्हणाल्या, "मी सांगते की कुठं कुठं रेघा आहेत ते."

वकिलांना आणि डॉक्टरीणबाईंना मी थोडं थांबायला सांगितलं. कॅमेऱ्यात एक फिल्म कधीपासून पडून होती. वहिनींना बिनहाताच्या खुर्चीवर बसवलं. इतकी वर्षं या घरात काढली, शेकडो तोंडं गुळगुळीत केली, पण त्यांचा स्वतःचा फोटो मी कधी काढला नव्हता. त्या म्हणाल्या, "चादर धरायला सांगा कोणाला तरी, फार म्हातारी दिसेन." मी काळं कापड लावलं. त्यांनी ते बघितलं आणि पदर नीट केला.

तोंड मला दिसत नव्हतं. केसांच्या कडेवरचा उजेड दिसत होता, त्यावरून खुर्ची सरकवली. मग दोरी हातात घेतली आणि चाचपत गाठ त्यांच्या गालाच्या हाडाला टेकवली. गाल ओला होता. दोघीही हललो नाही.

मी मागं आले. हातात बटण धरलं आणि सवयीनं विचारलं, "घरून निघताना काय विसरून आलात, वहिनी?"

त्या म्हणाल्या, "मी काहीच विसरले नाही, वन्सं."

मी दाबलं.

ती फिल्म कॅमेऱ्यात आहे. झटपटानं ती उद्याच येऊन न्यावी आणि नीट धुवावी. मला तो फोटो बघता येणार नाही. पण तो आलेला आहे, हे मला माहीत आहे. त्यावर कोणीही पेन्सिल लावू नये. वहिनींनी तर मुळीच नाही. कलम पहिले ते सहावे जसेच्या तसे कायम. हे सगळं मला मोठ्यानं वाचून दाखवलं, ते माझंच आहे आणि मला मान्य आहे, म्हणून दोघींच्या समोर सही करते.

सही : हलूनकाबाई (ओळीच्या जरा वर गेली आहे)

साक्षीदार पहिली : डोळ्यांची डॉक्टर. लिहून देणारीस समोरचे तोंड दिसत नाही, पण आपण काय लिहिले आहे ते तिला पूर्ण कळते, अशी माझी खात्री आहे.

साक्षीदार दुसरी : लिहून देणारीची वहिनी. मला या मृत्युपत्रातून काहीही मिळणार नाही, हे मला वाचून दाखवले आहे.

स्थळ : वरचा मजला, उत्तरेची खिडकी.

दिनांक : आजचा. वकिलांनी आकडे घालावेत. वेळ तिन्हीसांजेची, जिन्यातला दिवा आज वरून ओरडून गल्लीतल्या पोराला लावायला सांगितला, कारण लावणारी वर होती.